दोरी पुरली नाही, हे तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंत

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*चिपळूणच्या बाजारपेठेत माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. राहायला वरच्या मजल्यावर. २२ जुलै २०२१ला पहाटे पाणी भरलं. २००५च्या पाण्याची खूण आम्ही दुकानात भिंतीवर करून ठेवली होती आणि माल तिच्या वीतभर वर रचला होता. उजाडलं तेव्हा खूणही पाण्याखाली आणि मालही. विम्यासाठी पुरावा हवा म्हणून मी गॅलरीतून फोटो काढायला लागलो. तेवढ्यात समोरच्या गाळ्यांच्या पत्र्यावर एक माणूस दिसला. एका हाताने केबलची वायर धरलेली, दुसरा हात आमच्याकडे वर केलेला. तोही फोटो काढला. आम्ही दोरी टाकली, पुरली नाही. थोड्या वेळाने पत्रा खचला.*

*रेंज जायच्या आधी मी तो फोटो ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'बाजारपेठ, आत्ता'. तो कुठल्या कुठे गेला. त्या माणसाच्या घरच्यांना कोणी काही सांगायच्या आधी फोटो पोचला आणि त्यांनी शर्टावरून ओळखलं. आता पुण्याचे एकजण पुरावर सचित्र पुस्तक काढतायत, या एका फोटोचे वीस हजार देतो म्हणतात. त्याच आठवड्यात त्या माणसाच्या मुलीचा फोन आला. तेव्हा ती दहावीत होती. म्हणाली, "काका, तुमच्याकडे तो फोटो मोठा असेल तर मला हवाय." बायको म्हणते, पुसून टाका एकदाचा. लोक ओळख करून देताना म्हणतात, "तो फोटो यांचाच." पाऊस लागला की मी गॅलरीत जात नाही. काय करू?*

*— एक दुकानदार, चिपळूण*

(पत्र बरंच कापलं आहे. माणूस ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.)

भाऊ,

तुमचं मूळ पत्र वहीची साडेचार पानं आहे. त्यातली तीन त्या फोटोवर, एक विम्यावर आणि पुण्याच्या गृहस्थांवर, अर्धं बायकोवर. आणि 'आम्ही दोरी टाकली, पुरली नाही' हे अर्ध्या ओळीत. मी तिथेच अडकले, म्हणून तुम्हाला फोन केला. एरवी मी पत्र लिहिणाऱ्यांना फोन करत नाही. संपादकांना ते आवडत नाही, आणि मलाही नंतर झोप लागत नाही.

कसली दोरी, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग सांगितलंत: कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, तिला वहिनींची जुनी साडी बांधलेली, टोकाला वजन म्हणून पितळेची कळशी. दोनदा टाकलीत. पहिल्यांदा पंधरा-वीस फूट अलीकडे पडली. दुसऱ्यांदा कळशीच पाण्याने ओढून नेली आणि वहिनींचा तळहात सोलला. साडेचार पानांत यातलं काही नव्हतं.

मग मी तुम्हाला फोनमधल्या फोटोंच्या वेळा वाचून दाखवायला सांगितल्या. तो फोटो ७ वाजून ६ मिनिटांचा. त्याच्या पुढचा ७ वाजून ३१ मिनिटांचा, नुसत्या पाण्याचा. मध्ये पंचवीस मिनिटं एकही फोटो नाही. लोक मरत होते आणि हा माणूस फोटो काढत बसला, असं तुम्ही स्वतःला पाच वर्षं सांगत आलात. तुमचा फोन मात्र वेगळं सांगतो. त्या पंचवीस मिनिटांतली पहिली दोन सोडली तर तुमच्या हातात फोन नव्हता, दोरी होती.

पोहत का गेलो नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. पत्र्यापर्यंत चाळीसेक फूट अंतर, खाली गल्लीतून ओढ्यासारखं धावणारं पाणी, त्यात गॅस सिलिंडर, लाकडं, मोटरसायकली. जोराचं पाणी नुसतं गुडघ्यापर्यंत असलं तरी धडधाकट माणसाला पाडतं. त्या दिवशी बाजारपेठेत तळमजले बुडाले होते. तुम्ही उतरला असतात तर त्या सकाळी आणखी एका घरात रडारड झाली असती, एवढंच.

पण तुम्हाला सगळ्यातून मोकळं करायला मी बसलेली नाही. ७ वाजून ६ मिनिटांनी फोटो काढलात आणि ७ वाजून ८ मिनिटांनी ग्रुपवर टाकलात. मदत यावी म्हणून टाकला, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मला ते पुरतं पटलं नाही, आणि तुम्हालाही पटलेलं नाही असं आवाजावरून वाटलं. मदत हवी असणारा माणूस गल्लीचं नाव लिहितो, 'होडी असेल तर आणा' असं लिहितो. तुम्ही लिहिलंत, 'बाजारपेठ, आत्ता'. आपण काहीतरी भयंकर बघतोय आणि ते दुसऱ्यालाही दाखवावं, ही ओढ त्यात होती. ती तुम्हाला एकट्याला नाही, आपल्या सगळ्यांच्या अंगठ्यात आहे. त्या दोन मिनिटांनी दोरी लांब झाली नसती. पण त्या दोन मिनिटांमुळेच एका घराला आपला माणूस मोबाईलच्या पडद्यावर बघावा लागला. तुम्ही म्हणता गॅलरीत जाववत नाही. मला वाटतं तुम्हाला बोचतो तो फोटो नव्हे, फॉरवर्ड. त्याची माफी मागता येते. फोटो काढल्याची माफी कोणाकडे मागणार?

फोटो काढणारा आणि दोरी टाकणारा या दोन वेगळ्या जाती आहेत असं आपण धरून चालतो. १९५३च्या मे महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रेडिंगजवळ एका पुलाचा कठडा तोडून ट्रक बाहेर लोंबकळला. ड्रायव्हर आणि त्याचा सोबती आत अडकलेले. मागून व्हर्जिनिया शाऊ ही बाई नवऱ्याबरोबर मासे पकडायला निघाली होती. नवरा दोरी घेऊन धावला, तिने साध्या ब्राउनी कॅमेऱ्याने फोटो काढले. फिल्मची मुदतसुद्धा उलटून गेलेली. पुढच्या वर्षी तिला त्या फोटोसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं. तिला कोणी विचारलं नसेल की तू हातभार का लावला नाहीस, कारण दोघंही वाचले. तिथे दोरी पुरली. तुमच्याकडे पुरली नाही. फरक दोरीच्या लांबीचा आहे, माणसांचा नाही.

आता मुलगी. पत्रातला खरा प्रश्न तोच आहे, बाकीचे त्याच्या मागून येतात.

वहिनी म्हणतात पुसून टाका. त्या का म्हणतात ते मला कळतं. रात्री दोन वाजता नवरा पालथा पडून फोनच्या उजेडात तेच चित्र बोटांनी मोठं करून बघतो, हे पाच वर्षं त्या शेजारी पडून बघतायत. पण पुसू नका. कारण सांगते.

माझं आजोळ रेवसच्या बाजूचं. आईचा एक मामा गिरणीत होता. १७ जुलै १९४७ला, गटारीच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीत तो होता. बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेवर माणसं गेली. त्यांत मामाही. आमच्या घरात त्याचा त्या दिवसाचा काहीही पुरावा नाही. फोटो नाही, कपडा नाही, कुठे सापडला तेही नाही. त्यामुळे प्रत्येकाने आपापलं चित्र काढलं. एका मावशीच्या मते तो फळीला धरून दुपारपर्यंत तरंगत होता आणि कोणी गेलं नाही. दुसरीच्या मते तो वाचला असता, पण कुणाचं तरी पोर घ्यायला परत आत शिरला. आजीचं चित्र सगळ्यांत वाईट होतं, ते ती कोणाला सांगत नसे. फक्त गटारीला घरात मटण शिजू द्यायची नाही. आम्ही पोरं चिडायचो.

ही मुलगी आज वीस-एकवीस वर्षांची असेल. तिच्याकडे एक फोटो आहे, पण शंभर हातांतून गेलेला, विटलेला, कडेला कोणीतरी लाल बाण काढलेला. तुम्हीच सांगितलंत, एका ठिकाणी तोच फोटो कोल्हापूरचा म्हणून फिरला. त्यात तिच्या बापाचं तोंड म्हणजे चार करडे ठिपके. त्या ठिपक्यांवर ती रोज नवं तोंड बसवत असणार. 'मोठा असेल तर हवाय' म्हणजे तिला चेहरा बघायचा आहे, असं मला वाटतं. मी चुकत असेन. म्हणून आधी तिलाच विचारा.

द्यायचा कसा, हे मात्र माझं ऐका. व्हॉट्सॲपवर पाठवू नका. एकदा तो त्याच वाटेने त्यांच्या घरात शिरलाय. चांगल्या कागदावर प्रिंट काढा. दुकान तुमचंच आहे, दुसऱ्याच्या हाती देऊ नका. पाकिटात घाला आणि पाकीट बंद करा. तिला फोन करून सांगा की चेहरा स्पष्ट दिसतो, भीती दिसते, हात वर आहे. हे ऐकून ती "नको" म्हणाली तर ठीक. "ठेवून द्या, मी सांगेन तेव्हा" म्हणाली तरी ठीक. "हो" म्हणाली तर तिची आई घरात असेल अशा वेळी जा. आईला माहीत आहे का, हे आधी मुलीला विचारून घ्या. मुलीने आईला न सांगता फोन केला असेल, तर आईला ते तिच्याच तोंडून कळू दे.

गेल्यावर पहिलं वाक्य माफीचं असू दे, आणि तेही एकच: "मी तो विचार न करता ग्रुपवर टाकला, तुमच्यापर्यंत तसा पोचायला नको होता." मग गप्प बसा. मला पाच वर्षं झोप नाही, मी गॅलरीत जात नाही, हे तिथे बोलू नका. ते इथे लिहिलंत, बरं केलंत. त्या घरात तुमचं दुःख सांभाळायला कोणी मोकळं नाही.

ती विचारेल, बाबा काही बोलले का? पाण्याच्या आवाजात तुम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. तेच सांगा. बरं वाटावं म्हणून "तुझं नाव घेतलं" वगैरे एक अक्षरही पदरचं घालू नका. मुलगी ते आयुष्यभर जपेल, आणि ते खोटं असेल. दोरीचं मात्र सगळं सांगा. साडी, कळशी, पंधरा फूट, वहिनींचा हात. वहिनींनाच सांगू द्या, त्यांना बरोबर न्या. तिच्या बापाने वर केलेला हात दोन माणसांनी बघितला होता आणि ती दोघं त्याच्याकडे दोरी टाकत होती, हे कुठल्याही फोटोत नाही आणि तिला दुसरं कोणी सांगू शकत नाही.

पुण्याच्या गृहस्थांना त्या एका फोटोसाठी नाही म्हणा. वीस हजारांना नाही, फुकटही नाही. कायद्याने तो फोटो तुमचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही स्वतःसाठी काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच, आणि तुमच्या हयातीत प्रकाशित झालेल्या फोटोवरचा हक्क तुमच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. ग्रुपवर टाकला म्हणून तो सगळ्या गावाचा होत नाही. फोटोतल्या माणसाच्या घरच्यांना विचारलंच पाहिजे, असं त्या कायद्यात कुठे नाही. कायदा विचारत नाही म्हणून तर तुम्ही विचारायचं. उद्या मुलगी आणि तिची आई म्हणाल्या की छापा, लोकांना कळू दे, तर त्यांच्या इच्छेने द्या. पैसे तरीही घेऊ नका. एकाच पुस्तकाच्या एकाच आवृत्तीपुरती परवानगी, असं कागदावर लिहून घ्या.

पैसे घेतले म्हणून माणूस वाईट ठरतो, असं माझं म्हणणं नाही. डॅलसचा अब्राहम झॅप्रुडर बायकांचे कपडे शिवून विकणारा व्यापारी. २२ नोव्हेंबर १९६३च्या सकाळी कॅमेरा घरीच विसरला होता. ऑफिसातल्यांनी आग्रह केला म्हणून परत जाऊन घेऊन आला, आणि त्याच्या त्या ८ मिलिमीटरच्या हौशी फिल्मवर केनेडींचा खून २६ सेकंदांत उतरला. 'लाइफ' मासिकाला ती त्याने दीड लाख डॉलरला विकली. पहिले पंचवीस हजार त्याच दिवशी मारल्या गेलेल्या पोलिसाच्या विधवेला दिले. आणि अट घातली, जिथे गोळी डोक्याला लागते ती ३१३ क्रमांकाची चौकट छापायची नाही. न्यू यॉर्कच्या चौकात हीच फिल्म दाखवतो म्हणून कोणीतरी ओरडून लोक जमवतंय, असं स्वप्न त्याला पडायचं. चौकशी आयोगापुढे साक्ष देताना तो रडला. पैसा घेऊनही त्याने एक चौकट बाजूला ठेवली होती. तुमची ३१३ वी कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे.

बाकीचे फोटो मात्र त्या पुस्तकाला खुशाल द्या, आणि त्यांचे पैसे मिळत असतील तर घ्याही. तुमचे एकूण अठ्ठावीस फोटो आहेत असं म्हणालात. शटर किती बुडालं, पाणी कुठल्या पायरीला होतं, २००५ची खूण कधी गेली, सगळं वेळेसकट. या गावाने २००५च्या रेषेवर विश्वास ठेवून माल रचला आणि २०२१मध्ये फसलं. पुढच्या वेळी कुठे रचायचा हे तुमच्या फोटोंवरून कळेल. एक संच लोटिस्मालाही, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही, नेऊन द्या. १८६४पासूनचं वाचनालय, २००५ आणि २०२१ दोन्ही पुरांत पुस्तकं भिजलेली. पूर काय असतो ते त्यांना समजवायला लागणार नाही. फक्त वरच्या मजल्यावर ठेवा म्हणावं.

मूळ फाईलचं एक काम या आठवड्यात करा. तो फोन जुना आहे, बॅटरी फुगलीय म्हणालात. सगळे फोटो केबलने कॉम्प्युटरवर उतरवून दोन पेन ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो आकसतो आणि त्याच्या पोटातली वेळ-ठिकाणाची नोंद जाते. पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवतात. सोबत एक कागद ठेवा हाताने लिहिलेला: कुठे उभा होतो, काय दिसलं, घरात कोण होतं. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. ती कशी वळणं घेत आली आणि आदळली, ते लाँचमधल्याच एका प्रवाशाच्या मोबाईलमध्ये होतं. तुमचे फोटोही कधी कोणी चौकशीसाठी मागितले तर द्यायचे, तिथे मुलीच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. वकील सांगेल. मूळ फाईल असली म्हणजे झालं.

दोन्ही पेन ड्राइव्ह झाले की फोनमधून फोटो काढून टाका. एक पेन ड्राइव्ह वहिनींच्या ताब्यात द्या, दुसरा बहिणीकडे. म्हणजे वहिनींचंही राहिलं. रात्री दोन वाजता तो उघडायचा झाला तर त्यांना उठवून किल्ली मागावी लागेल.

लोक "तो फोटो यांचाच" म्हणून ओळख करून देतात, त्याला उत्तर देत बसू नका. "दुकान यांचं" असं वहिनींनी मध्येच म्हणावं. त्यांना जमेल.

आणि पाऊस. पाच वर्षं गॅलरीत न जाणं, झोप न लागणं याला मी सदर लिहून औषध देऊ शकत नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. ते पुढे डॉक्टरांकडे जा म्हणाले तर जा. नाव कोणाला कळत नाही. चिपळूणसारख्या गावात हेच पहिलं विचारलं जातं म्हणून सांगितलं.

मुलीकडे जायचा दिवस ठरला की त्या दिवशी फोन घरी ठेवून जा.

तुमची
ताई

ता.क. विमा मिळाला की नाही ते तुम्ही साडेचार पानांत लिहिलंच नाहीत. मिळाला नसेल तर कळवा, त्यावर वेगळं भांडू.